गांवची पैसेवारी आणि बालकाची वाटी

या मासिकांतून बियाणें, खतें, पाणी, कीड व बाजारभाव यांविषयीं वारंवार माहिती येत असते, व ती यावयासच पाहिजे. परंतु ज्या मनुष्यबळावर शेती चालते, त्याच्या पहिल्या पांच वर्षांच्या पोषणाचा विचार आपण शेतकरी क्वचितच करतों. हा विषय डॉक्टरांचा किंवा अंगणवाडीचा आहे, अशी आपली समजूत असते. निदान चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तरी ती समजूत बरोबर नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. बालकाचें कुपोषण हें बव्हंशीं मजुरी, आईचा वेळ व धान्याची वाटणी या तीन गोष्टींवर अवलंबून असतें. आणि या तिन्ही गोष्टींचा कांहीं भाग जमीनधारकाच्या हातीं असतो.

सरासरीचा दोष

महसुली कामाशीं ज्यांचा संबंध आला आहे, त्यांस पैसेवारी (पूर्वीची आणेवारी) ठाऊक आहे. निवडक शेतांत पीककापणीचे प्रयोग करून त्यांवरून सबंध गांवाची एक पैसेवारी काढतात. ती ५० पैशांहून कमी आली, तर टंचाईच्या सवलती लागू होतात. कारकुनीच्या नोकरींत असे तक्ते मी पुष्कळ वर्षें लिहिले. तक्ता उपयोगाचा आहे. पण त्यांत एक गोष्ट दिसत नाहीं. तलावाच्या तोंडाशीं असलेल्या बांधींत सोळा आणे पीक व शेवटच्या टोकाच्या बांधींत चार आणे पीक झालें, तर सरासरी दहा आणे येते. त्या दहा आण्यांच्या गांवांत चार आण्यांचा माणूस उपाशी राहूं शकतो. शिवाय, ज्याचें नांव सातबाऱ्यावरच नाहीं, तो भूमिहीन मजूर या हिशेबांत मुळींच येत नाहीं.

"आमच्या भागांत धान मुबलक पिकतें, तेथें मुलें उपाशी कशीं राहतील?" हा प्रश्न अशाच सरासरीवर आधारलेला आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, चामोर्शी हा मुलूख धान विकणारा आहे. परंतु त्याच गांवांत एक घर धान विकतें, तर शेजारचें घर मजुरी करून तांदूळ आणतें. गांवाच्या कोठारांत किती आहे, यावरून बालकाच्या वाटींत किती पडतें हें कळत नाहीं.

१९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनीं १९८१ मध्यें हेंच दाखवून दिलें. त्यांच्या मतें त्या वर्षीं अन्नाच्या तुटीपेक्षां धान्याच्या चढलेल्या भावानें अधिक घात केला. भाव चढले, मजुरी त्या मानानें चढली नाहीं, आणि प्रथम शेतमजूर, कोळी व खेड्यांतील कारागीर बळी पडले. धान्य असणें आणि तें घेण्याची ऐपत असणें, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आतां आजचे आंकडे पाहूं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, महाराष्ट्रांत पांच वर्षांखालील शंभर मुलांपैकीं सुमारे ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं व ३६ मुलें वयाच्या मानानें कमी वजनाचीं आढळलीं. २०१५–१६ च्या पाहणींतही हेच आंकडे जवळजवळ असेच होते. सबंध देशांत सर्वांत गरीब पंचमांश घरांत शंभरीं ४६ मुलें खुजीं होतीं. सर्वांत संपन्न पंचमांशांत २३. या दोन आंकड्यांचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. गरिबीनें कुपोषण दुप्पट होतें, हा पहिला अर्थ. परंतु संपन्न घरांतही चारांपैकीं जवळजवळ एक मूल खुजें राहतें, हा दुसरा. म्हणून हा लेख वाचणाऱ्यानें आपलेंही घर तपासून पाहावें.

दोन जिल्हे, तीन प्रकारचा मुलूख

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झाला. दोन्ही मिळून पाहिल्यास येथें संपत्तीची वाण नाहीं. कोळसा, वीज, सिमेंट, कागद, बांबू, तेंदूपान, लोखंडाचें खनिज व धान हें सर्व येथून बाहेर जातें. मुलूख मात्र तीन प्रकारचा आहे. पश्चिमेस वरोरा-राजुऱ्याकडे कापूस व खाणी. वैनगंगेच्या कांठीं मालगुजारी तलावांवरचें धान. आणि दक्षिणेस व पूर्वेस धानोरा, एटापल्ली, भामरागड, अहेरी, सिरोंचा येथील जंगल, जेथें गोंड व माडिया लोकांचा अर्धा निर्वाह वनावर चालतो. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला, कीं भामरागडचा मार्ग बंद पडतो. आणि मुलांच्या हगवणीचे व तापाचे दिवसही तेच.

वनप्रदेशांत जंगल हें दुसरें कोठार आहे. मोहफूल, चारोळी, कंद, भाज्या, सात्या, मासे यांनीं कोरडा भात खाण्याजोगा होतो, आणि तेंदूपानाच्या हंगामांत रोकड हातीं येते. हें कोठार ज्या गांवाच्या ताब्यांत, त्या गांवास आधार राहतो. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ मध्यें सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, व २०११ मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातीं आले. तेव्हांपासून बांबू विकण्याचा निर्णय व त्या कामाची मजुरी गांवांतच राहूं लागली. बालकाच्या पोषणाशीं याचा संबंध दूरचा वाटतो, पण तो दूरचा नाहीं. ज्या घरांत रोकड वेळेवर येते, त्या घरांत डाळ-तेल वेळेवर येतें.

पऱ्ह्यांचा नियम

धान पिकविणाऱ्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. रोवणीपूर्वीं पऱ्हे जर भुकेले व पिवळे राहिले, तर पुढें बांधींत कितीही खत घातलें तरी फुटवे मनासारखे येत नाहींत. मनुष्याच्या बाबतींत हा पऱ्ह्यांचा काळ म्हणजे गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे एक हजार दिवस. या काळांत उंचीची व मेंदूची जी वाढ खुंटते, तिची भरपाई पुढें अपुरीच होते.

या जिल्ह्यांत याची मोजदाद झालेली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ मध्यें गडचिरोलींत 'सर्च' ही संस्था काढली. १९९५–९६ सालीं तिनें ३९ गांवांतील ७६३ नवजात बालकांची घरोघर पाहणी केली. त्यांत शंभरीं सुमारे ४२ बालकें अडीच किलोपेक्षां कमी वजनाचीं जन्मलीं होतीं. गांवांतल्याच, थोड्या शिकलेल्या स्त्रियांस शिक्षण देऊन नवजात बालकाची घरींच शुश्रूषा करण्याची पद्धत या संस्थेनें बसविली. तिच्या योगें नवजात बालकांचे मृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटले. हा वृत्तांत १९९९ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, व २०११ पासून केंद्र सरकारनें आशा सेविकांमार्फत ही पद्धत देशभर घेतली.

यावरून दोन बोध होतात. जन्मलेलें बालक वांचविणें हें शिकविलेल्या गांवकरी स्त्रीच्या हातून होऊं शकतें. परंतु भरल्या वजनाचें मूल जन्मास येणें हें आईच्या आहारावर व श्रमावर अवलंबून आहे. जी मुलगी स्वतः अर्धपोटीं वाढली, जिचें लग्न लौकर झालें, जिच्या अंगांत रक्त कमी आहे व जी सातव्या-आठव्या महिन्यांतही चिखलांत वांकून रोवणी करते, तिचें मूल लहान जन्मतें.

पेज आणि भात यांचा हिशेब

सहा महिन्यांपर्यंत आईचें दूधच पुरेसें असतें. पाणीही लागत नाहीं. त्यानंतर वरचें अन्न पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानाप्रमाणें, दूध पीत असलेल्या एक ते दोन वर्षांच्या बालकास वरच्या अन्नांतून रोज सुमारे ५५० उष्मांक मिळावयास हवेत. आतां पुढील हिशेब कोणीही करून पाहावा. एक भाग तांदूळ व दहा भाग पाणी अशी पातळ पेज केली, तर शंभर ग्रॅम पेजेंत जेमतेम ३३ उष्मांक येतात. म्हणजे ५५० उष्मांकांसाठीं दीड लिटरहून अधिक पेज लागेल. साडेआठ किलोच्या बालकाच्या पोटांत एका वेळीं सुमारे पाव लिटर मावतें. तेव्हां दिवसांतून सहा-सात वेळां पोट तट्ट फुगेपर्यंत पेज पाजली, तरच हिशेब जमेल. दोनदां पेज पिऊन मूल निजतें. पोट भरलेलें दिसतें, पण मूल उपाशीच असतें.

तेंच तांदूळ-डाळीचें घट्ट मऊ मिश्रण केलें, तर शंभर ग्रॅमांत सुमारे १०० उष्मांक येतात. त्यांत चहाचा एक चमचा तेल घातलें, कीं आणखी ४५. अशा पाव-पाव लिटरच्या दोन वाट्या, तीन-चार वेळांत विभागून दिल्या, कीं गरज भागते. एका अंड्यांत सुमारे ६ ग्रॅम प्रथिन असतें. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळींत २२. शंभर ग्रॅम तांदळांत ७ च्या आसपास. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळें रेशनचा तांदूळ बहुतेक गरीब घरीं येतो. म्हणून आजचा प्रश्न मूठभर तांदळाचा नसून डाळ, तेल, अंडें, भाजी यांचा, आणि दिवसांतून चार वेळां भरविणाऱ्या हाताचा आहे.

एका मुलावर दुसरें लवकर झालें, म्हणजे पहिल्याचें दूध तुटतें. १९३० नंतरच्या दशकांत आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट (आजचा घाना) येथें सिसिली विल्यम्स या डॉक्टरीण बाईंनीं अंगावर सूज येणाऱ्या कुपोषणाचें वर्णन केलें. त्यास तेथील लोकांचाच 'क्वाशिओरकोर' हा शब्द त्यांनीं १९३५ मध्यें वैद्यकांत आणला. धाकटें जन्मल्यावर थोरल्यास होणारा आजार, असा त्याचा अर्थ. दोन मुलांत तीन वर्षांचें अंतर असावें, हा सल्ला याच कारणास्तव दिला जातो.

रोवणीचा दिवस

"मजूर अडाणी आहेत, मुलांकडे लक्ष देत नाहींत," असें आपल्यांतील पुष्कळजण म्हणतात. आषाढांतील मजूर बाईचा दिवस तपासून मग निर्णय करावा. पहांटे पाणी व सरपण, मग स्वयंपाक. सकाळीं बांधीवर हजर. संध्याकाळपर्यंत पाठ वांकलेली. परतल्यावर पुन्हां चूल. आठ-दहा महिन्यांचें मूल आठ वर्षांच्या बहिणीजवळ. ती शाळेला मुकते, आणि भावंडाला सकाळची पेज दोनदां पाजते. आईचें दूध मुलास केवळ रात्रीं मिळतें. ज्ञान असूनही ही बाई चार वेळां मूल भरवूं शकणार नाहीं, कारण ती तेथें नसते.

आणि हे दिवस कोणते? मागील धान संपलेलें, भाव चढलेले, साठवलेलें पाणी गढूळ, हगवण व हिंवताप घरोघर. काम सर्वांत अधिक, अन्न सर्वांत कमी व रोग सर्वांत जास्त, असे तिन्ही योग याच दोन महिन्यांत येतात. अशा वेळीं जो दिढीनें धान काढतो, त्यास दोन मणांचे तीन मण कापणीस द्यावे लागतात. म्हणजे पुढील वर्षाच्या आषाढाची उपासमार त्यानें आधींच मान्य केलेली असते.

मजुरीचा हिशेब

शेतमजुरीचा आणि अन्नाचा संबंध आपल्या राज्यांत एकदां उघडपणें मांडला गेला. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या समितीच्या शिफारशीवरून शेतमजुराची किमान मजुरी दिवसास ४ रुपये धरली गेली होती. १९८० च्या सुमारास डॉ. अभय बंग यांनीं तो हिशेब पुन्हां मांडला. श्रम करणाऱ्या शरीरास व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांस लागणारें अन्न मोजल्यास मजुरी १२ रुपये, म्हणजे तिप्पट, निघते, असें त्यांनीं दाखविलें. रुपयांचे हे आंकडे आज जुने झाले. पद्धत मात्र जुनी झालेली नाहीं. मजुरी म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या श्रमाची किंमत एवढाच विचार केला, तर घरांतील बालकाची वाटी हिशेबाबाहेर राहते.

सरकारनेंही हें मान्य केलेलें आहे. आदिवासी भागांत १९९५ पासून चालू असलेल्या नवसंजीवन योजनेंत, आजारी बालकास दवाखान्यांत ठेवल्यास जवळ राहणाऱ्या पालकास 'बुडीत मजुरी' देण्याची तरतूद आहे. मूल बरें करावयाचें तर आईची मजुरी बुडते, हें त्या एका शब्दांत कबूल केलेलें आहे. पण ती बुडते दवाखान्याच्या दाराशीं पोहोंचण्याच्या पुष्कळ आधींपासून.

एक आक्षेप

येथें वाचक म्हणेल, "आमचीच शेती तोट्यांत, दोन एकरांचा धनी स्वतः दुसऱ्याच्या बांधींत राबतो, मजुरी कोठून वाढवावी?" हा आक्षेप खरा आहे, व तो टाळून पुढें जातां येणार नाहीं. धानाचा भाव, वन्य प्राण्यांची नासाडी व मजुरी या तिघांच्या कचाट्यांत लहान शेतकरी सांपडलेला आहे. ज्याच्या बांधींत मजूर लागतात, त्याच्याकडून त्याच्या ऐपतीइतकेंच मागतां येईल. परंतु खालीं सुचविलेल्या सहा गोष्टींपैकीं बहुतेक गोष्टींस पैसा थोडा व एकोपा अधिक लागतो. लहान शेतकऱ्याच्या घरांतील बालकासही त्यांचा तितकाच उपयोग आहे.

करावयाच्या गोष्टी

(१) सारख्या कामास स्त्री-पुरुषांस सारखी मजुरी द्यावी, व ती आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशीं स्त्रीच्या हातांत द्यावी. समान वेतनाचा कायदा १९७६ सालींच झाला. बांधीवर तो अजून पुरता पोहोंचलेला नाहीं. बाजारानंतर मिळालेली मजुरी आठवडाभर डाळीवांचून जाते.

(२) रोवणीच्या दिवसांत बांधीजवळ सावलींत मुलें सांभाळण्याची व्यवस्था करावी. वीस बायांमागें एक वयस्क, विश्वासू बाई रोजानें ठेवली, तर खर्च शंभरास पांच वाढतो. चार-पांच शेतकऱ्यांनीं मिळून ठेवल्यास तो कोणासच जड नाहीं. तान्ह्या मुलाच्या आईस दूध पाजण्यास दोन वेळां सुटी द्यावी व त्याबद्दल मजुरी कापूं नये. उकळून गार केलेलें पाणी व एक वेळचें घट्ट अन्न तेथेंच द्यावें. गरोदर बाईस शेवटच्या महिन्यांत वांकण्याचें काम सांगूं नये.

(३) संस्थेमार्फत धान्यकोठी काढावी. कापणीनंतर प्रत्येक सभासदानें ऐपतीप्रमाणें धान ठेवावें, आषाढांत गरजूस द्यावें, व परत घेतांना दिढी न घेतां घट-तुटीपुरतेंच अधिक घ्यावें.

(४) धुऱ्यावर तूर, बांधावर शेवगा, घरामागें पपई व पालेभाज्या लावाव्या. धानानंतर ओल असेल तेथें हरभरा, उडीद, मूग घ्यावा. सर्वच डाळ बाजारांत न नेतां घरच्या मुलांपुरती ठेवून घ्यावी. बोडींतील मासे व बांधावरील भाजी मजुरास घेऊं द्यावी. मात्र ती मजुरीच्या बदल्यांत धरूं नये.

(५) अंगणवाडींतील वजनाचा महिन्याचा गोषवारा ग्रामसभेंत वाचावा. मुलांचीं नांवें वाचूं नयेत. किती मुलांचें वजन घटलें, तो आंकडा वाचावा व मागील महिन्याशीं ताडून पाहावा. सहा महिने ते पांच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांपेक्षां कमी भरला, तर तें तीव्र कुपोषण होय. त्यास त्याच दिवशीं आरोग्य केंद्रांत न्यावें. साडेअकरा ते साडेबारा असल्यास लक्ष ठेवून अन्न वाढवावें. घेर मोजण्याची रंगीत पट्टी अंगणवाडी सेविकेकडे मिळते.

(६) आदिवासी भागांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नांवें अमृत आहार योजना आहे. तींत गरोदर व स्तनदा मातांस एक वेळचें चौरस जेवण आणि बालकांस अंडीं किंवा केळीं द्यावयाचीं असतात. जेवण रोज शिजतें कीं नाहीं, अंडें बालकाच्याच पोटांत जातें कीं नाहीं, व शेतावर असलेली बाई त्या वेळेस तेथें पोहोंचूं शकते कीं नाहीं, हें गांवानें पाहावें. तिसरी गोष्ट मालकाच्या परवानगीवर अवलंबून आहे, हें विसरूं नये.

यांतील एकही गोष्ट सरकारी हुकुमाची वाट पाहत नाहीं. आपली संस्था बियाणें व खतें यांची मागणी चैत्र-वैशाखांत नोंदवून घेते, त्याच बैठकींत आणखी दोन विषय घ्यावे : यंदा रोवणीच्या वेळीं गांवांत दोन वर्षांखालील मुलें किती असतील, व तीं दिवसभर कोणाजवळ राहतील. पहिल्या प्रश्नाचें उत्तर अंगणवाडीच्या नोंदवहींत आहे. दुसऱ्याचें उत्तर सभासदांनीं द्यावयाचें आहे. ज्या गांवांत तें दिलें जाईल, तेथील संस्थेनें पोळ्यानंतर वजनाचा गोषवारा या मासिकाकडे पाठवावा, म्हणजे इतर गांवांसही त्याचा उपयोग होईल.